आयजीच्या जिवावर उदार साम्राज्य

जुलै १८६७ मध्ये तुर्कस्तानचे सुलतान अब्दुल अझीझ लंडनच्या भेटीला आले. त्यांच्या सन्मानार्थ व्हाइटहॉलमधल्या नव्याकोऱ्या इंडिया ऑफिसच्या प्रशस्त चौकात मोठा नृत्यसमारंभ झाला. पाहुणा तुर्की, यजमान इंग्रज, निमंत्रितही बहुतेक इंग्रजच. बिल मात्र हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यात आले. त्याच्या आदल्याच वर्षी ओरिसात दुष्काळाने सुमारे दहा लाख माणसे मेली होती. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते याहून वेगळे नसते. त्या वेळी कॉमन्स सभेत एक तरुण सभासद उठला आणि त्याने विचारले, की या मेजवानीचा खर्च हिंदुस्थानच्या रयतेने का म्हणून द्यायचा? ब्रायटनचे हे प्रतिनिधी म्हणजे केंब्रिजमधले अर्थशास्त्राचे प्राध्यापक हेन्री फॉसेट. तेव्हा त्यांचे वय ३३ होते आणि दोन्ही डोळे जाऊन जवळजवळ नऊ वर्षे झाली होती.

इंग्लंडमध्ये फॉसेट यांची आठवण निघते ती अंध असूनही मंत्रिपदापर्यंत पोचलेला माणूस म्हणून, नाहीतर स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीच्या नेत्या मिलिसंट फॉसेट यांचे पती म्हणून. त्यांच्या काळात त्यांना आणखी एक बिरुद मिळाले होते, ‘मेंबर फॉर इंडिया’. हिंदुस्थानचा एकही मतदार नसलेल्या सभागृहात हिंदुस्थानचा प्रतिनिधी. हे बिरुद ऐकले की वाटते, हा कोणी कनवाळू, परोपकारी गृहस्थ असावा. पण त्यांची भाषणे आणि त्यांनी उचललेले प्रश्न शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांच्या हिंदुस्थानप्रेमामागे करुणेपेक्षा एक कोरडे, चिवट अर्थशास्त्रीय तत्त्व दिसते. खर्च ठरवणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा असेल, तर तो खर्च आपोआप कधीच आटोक्यात येत नाही. आणि भरणाऱ्याला बोलायलाच जागा नसेल, तर उधळपट्टीला अन्यायाचे रूप यायला वेळ लागत नाही. फॉसेट यांनी आयुष्यभर हे एकच तत्त्व निरनिराळ्या ठिकाणी लावून पाहिले. म्हणूनच त्यांची आजही दखल घ्यावी लागते.

२६ ऑगस्ट १८३३ रोजी सॉल्झबरी या गावी त्यांचा जन्म झाला. वडील कापडाचे व्यापारी, पुढे शेतीही करू लागलेले, गावचे नगराध्यक्ष आणि उदारमतवादी. हेन्री गणितात हुशार. केंब्रिजच्या १८५६ च्या गणिताच्या परीक्षेत त्यांचा सातवा क्रमांक आला आणि ट्रिनिटी हॉल या कॉलेजने त्यांना फेलो करून घेतले. वकिली करायची आणि पार्लमेंटात जायचे, असे त्यांनी ठरवले होते. १७ सप्टेंबर १८५८ रोजी हार्नम टेकडीवर ते वडिलांबरोबर तित्तिरांच्या शिकारीला गेले. वडिलांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू वाढत होता. पक्षी उडाला, वडिलांनी बंदूक झाडली आणि दोन छर्रे मुलाच्या चष्म्याच्या काचा फोडून दोन्ही डोळ्यांत शिरले. वयाच्या पंचविसाव्या वर्षी दृष्टी कायमची गेली. पुढे फॉसेट सांगत, की आयुष्याचा आखलेला बेत बदलायचा नाही हे त्यांनी दहा मिनिटांत ठरवून टाकले. वकिली सुटली, पण बाकीचे सगळे चालू राहिले. ते घोड्यावर बसत, गळ टाकून मासे धरत, गोठलेल्या पाण्यावर मैलोन्मैल स्केटिंग करत. शिवाय निवडणुका लढवत. तीन ठिकाणी पडल्यावर १८६५ साली ब्रायटनमधून ते निवडून आले.

त्याआधी १८६३ मध्ये त्यांचे ‘मॅन्युअल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’ हे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी केंब्रिजने त्यांना प्राध्यापकपद दिले. अंध माणूस वर्गात शिस्त कशी राखणार, अशी शंका विरोधकांनी काढली होती. फॉसेट यांनी ते पद मरेपर्यंत, एकवीस वर्षे सांभाळले. त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर आल्फ्रेड मार्शल आले, आणि मार्शल यांच्याशी तुलना केली की फॉसेट यांची मर्यादा उघड होते. नवा सिद्धांत त्यांच्या नावावर नाही. जॉन स्टुअर्ट मिल यांची मांडणी त्यांनी सोप्या भाषेत सांगितली, एवढेच त्यांचे शास्त्रीय काम. मात्र अर्थशास्त्र वापरण्याची त्यांची एक खास रीत होती. सरकारी अहवाल आणि जमाखर्चाचे तक्ते ते वाचून घेत. १८६७ मध्ये लग्न झाल्यावर हे काम बरेचसे मिलिसंट करू लागल्या. मग आकडे डोक्यात पक्के बसवून, हातात कागदाचा कपटा नसताना, ते सभागृहात तास तास बोलत. ज्याला आकडा पुन्हा उघडून बघता येत नाही, त्याला तो कशासाठी लक्षात ठेवायचा हे आधी ठरवावे लागते. म्हणून त्यांच्या भाषणांत आकड्यांची गर्दी नसे. थोडे, नेमके आणि उत्तर द्यायला भाग पाडणारे आकडे असत.

ही रीत पहिल्यांदा ठळकपणे दिसली ती इंग्लंडमधल्या गायरानांच्या प्रश्नात. गावोगावच्या सामायिक माळांवर आणि रानांवर गरिबांचे गुरे चारण्याचे, जळण गोळा करण्याचे हक्क पूर्वापार होते. जमीनदार कायदा करून तिथे कुंपण घालत. दरवर्षी अशा अनेक जागांची एक यादी एकाच विधेयकाला जोडून पार्लमेंटात येई आणि रात्री उशिरा, बाके रिकामी झाल्यावर, चर्चेविना मंजूर होई. १८६९ मध्ये सरे परगण्यातल्या विस्ली माळाचा समावेश असलेली अशीच यादी आली. हजारो एकर कुंपणाआड जाणार होते आणि लोकांच्या वापरासाठी राखलेली जागा बोटांवर मोजण्याइतक्या एकरांची होती. फॉसेट यांनी ती यादी वाचून घेतली आणि विधेयक अडवून धरले. पुढे लंडनजवळच्या एपिंगच्या रानासाठीही त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच लढा दिला. त्या रानाचे रक्षण करणारा कायदा १८७८ मध्ये झाला. या लढ्यातून त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट महत्त्वाची होती. असे अन्याय व्हायला कोणी दुष्टच असावा लागत नाही. कंटाळवाणी यादी, उशिराची वेळ आणि ज्यांचे जाणार त्यांची गैरहजेरी, एवढ्यावर काम भागते.

हिंदुस्थानचा कारभार अगदी याच पद्धतीने चालत होता. १८५८ साली कंपनी जाऊन राणीचे राज्य आले, तेव्हा कायद्यात एक कलम घातले गेले. परचक्र परतवणे किंवा तशीच तातडीची गरज सोडली, तर हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरील मोहिमांसाठी हिंदुस्थानचा महसूल पार्लमेंटच्या संमतीशिवाय वापरायचा नाही. वाचायला हे संरक्षण वाटते. पण संमती देणार कोण, तर ज्यांच्या खिशातून दमडी जाणार नाही ते. भारतमंत्र्यांचा पगारही हिंदुस्थानच्या महसुलातून निघे. इतर वसाहती सांभाळणाऱ्या मंत्र्याचा पगार ब्रिटिश तिजोरीतून जाई, त्यामुळे तो दरसाल मंजूर करताना त्याच्या कारभाराची झाडाझडती घेण्याची संधी सभासदांना मिळे. भारतमंत्री या फेऱ्यातून सुटले होते आणि ते १९१९ च्या कायद्यापर्यंत सुटलेलेच राहिले. हिंदुस्थानचे अंदाजपत्रक सभागृहापुढे येई ते अधिवेशनाच्या अखेरीस, बहुधा ऑगस्टमध्ये, जेव्हा सभासदांचे लक्ष सुट्टीकडे लागलेले असे. कोट्यवधी माणसांचा जमाखर्च मूठभर लोकांपुढे वाचला जाई. फॉसेट यांनी वर्षानुवर्षे याच गोष्टीवर बोट ठेवले.

सुलतानाची मेजवानी हे छोटे उदाहरण झाले. मोठे उदाहरण त्याच वर्षी घडले. अबिसीनियाचा राजा टेवड्रोस याने काही ब्रिटिशांना कैदेत टाकले होते. त्यांच्या सुटकेसाठी सर रॉबर्ट नेपियर यांच्या हाताखाली मुंबईहून फौज निघाली. या मोहिमेशी हिंदुस्थानचा काडीचा संबंध नव्हता. तरीही मोहिमेवर गेलेल्या हिंदी फौजेचा नेहमीचा पगार हिंदुस्थाननेच द्यावा, असे ठरले. सरकारचा युक्तिवाद असा, की ही फौज घरी राहिली असती तरी तिला पोसावेच लागले असते, मग हिंदुस्थानचे नुकसान ते काय? या युक्तिवादातली फट उघड आहे. एवढी फौज महिनोन्महिने परदेशी पाठवूनही हिंदुस्थान सुरक्षित राहत असेल, तर ती गरजेपेक्षा जास्त आहे आणि रयत फुकट तिचा भार वाहते आहे. आणि ती गरजेची असेल, तर पगार भरूनही हिंदुस्थान तेवढा काळ तिच्यावाचून राहतो. दोन्हीकडून भुर्दंड त्याच्याच माथी. फॉसेट यांनी विरोध केला आणि ते मोठ्या फरकाने हरले. पण त्याच वर्षी लंडनमध्येच दादाभाई नौरोजी ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे इंग्लंड हिंदुस्थानचे काय देणे लागते याचा हिशेब मांडत होते. दोन वेगळ्या वाटांनी आलेली दोन माणसे एकाच खातेवहीपाशी पोचली होती.

१८७१ मध्ये हिंदुस्थानच्या अर्थकारणाच्या चौकशीसाठी पार्लमेंटची समिती बसली. तिच्यामागे फॉसेट यांचा लकडा मोठा होता आणि साक्षीदारांची कसून उलटतपासणी करण्यातही ते पुढे होते. केवळ निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांचे न ऐकता हिंदी माणसांचे म्हणणे ऐकावे, हा त्यांचा आग्रह होता. मुंबईचे नौरोजी फर्दुनजी आणि खुद्द दादाभाई यांच्या साक्षी समितीपुढे झाल्या. हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी अवघे २० रुपये आहे, हे दादाभाईंचे गणित याच काळात आकाराला आले. १८७६ मध्ये त्यांनी ते मुंबईत विस्ताराने मांडले आणि पुढे ते सगळ्या देशात गाजले. १८७४ च्या निवडणुकीत फॉसेट ब्रायटनमध्ये पडले, तेव्हा त्यांच्या पुढच्या निवडणुकीसाठी हिंदुस्थानातून वर्गणी गेली. त्याच वर्षी हॅक्नेमधून ते पुन्हा निवडून आले. ज्यांना मत नव्हते त्यांनी पदरमोड करून आपला प्रश्न विचारणारा माणूस सभागृहात परत पाठवायला हातभार लावला, ही गोष्ट फॉसेट यांच्या कामाला मिळालेली सर्वांत खरी पावती होती.

त्यांच्यावर घेतले जाणारे आक्षेप मात्र हलके नाहीत. पहिला आक्षेप असा, की हा माणूस खुल्या बाजाराचा कट्टर पुरस्कर्ता होता. गरिबांना घरबसल्या मदत देण्याला त्यांचा विरोध होता. मजुरीसाठी असलेला निधी ठरलेला असतो, हा सिद्धांत मिल यांनी १८६९ मध्ये सोडून दिला, तरी फॉसेट त्याच्याशी फार काळ निष्ठावंत राहिले. गिरण्यांतल्या बायकांचे कामाचे तास कायद्याने कमी करण्यालाही १८७३-७४ मध्ये त्यांनी विरोध केला. त्यांचे म्हणणे असे, की प्रौढ स्त्रियांवर बंधने घालणारा कायदा फक्त पुरुष करत आहेत आणि त्यामागे पुरुष कामगारांचा स्वतःचा हिशेब आहे. बोलायला जागा नसलेल्यांच्या वतीने दुसऱ्यांनी निर्णय घेऊ नये, हे त्यांचे नेहमीचे सूत्र इथेही होते. पण इथे ते सूत्र तोकडे पडले. दिवसभर उभी राहणारी गिरणी कामगार बाई मालकाशी बरोबरीने घासाघीस करू शकते असे मानणे म्हणजे वस्तुस्थिती पुस्तकाबाहेर ठेवणे होते. ही त्यांची चूक मान्य करायलाच हवी. मात्र तेवढ्यावरून त्यांना सरकारचा हात नकोच असलेल्यांच्या पंक्तीला बसवता येत नाही. शेतमजुरांच्या मुलांना सक्तीने शिक्षण मिळावे, यासाठी ते झगडले. १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी त्यांना पोस्टमास्तर जनरल केले, तेव्हा सरकारी खात्याचा सामान्य माणसाला किती उपयोग होऊ शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. बचत बँकेत कमीत कमी एक शिलिंग भरावे लागे, आणि मजुराच्या हाती एकदम शिलिंग शिल्लक राहणे कठीण. फॉसेट यांनी एक छापील फॉर्म काढला. त्यावर एकेक पेनीची बारा तिकिटे जमतील तशी चिकटवायची आणि फॉर्म भरला की तोच पोस्टात शिलिंग म्हणून जमा करायचा. लहान रकमा स्वस्तात पाठवण्यासाठी पोस्टल ऑर्डरी त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाल्या आणि १८८३ मध्ये पार्सल टपालही.

दुसरा आक्षेप आपल्या दृष्टीने जास्त जिव्हाळ्याचा आहे. फॉसेट यांनी हिंदुस्थानसाठी काटकसर मागितली, स्वराज्य मागितले नाही, आणि सरकारी काटकसरीचा अनुभव हिंदुस्थानला फार वाईट होता. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी रोजच्या एका रतल धान्यापर्यंत आणि वर आण्याभर पैशापर्यंत खाली आणली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी दिल्लीत राणीच्या नव्या किताबाचा भव्य दरबार भरला होता. पण नेमका हा विरोधाभासच फॉसेट यांची बाजू बळकट करतो. टेंपल यांची काटकसर खालून सुरू झाली आणि दरबारापर्यंत पोचलीच नाही. फॉसेट यांचा रोख सतत वरच्या मजल्यावर होता. विलायतेत होणारा हिंदुस्थानचा खर्च, सरहद्दीबाहेरच्या लढाया, गोऱ्या अधिकाऱ्यांचे महागडे पगार. मे १८६८ मध्येच त्यांनी ठराव आणला होता, की सनदी नोकरीची परीक्षा लंडनबरोबर कलकत्ता, मद्रास आणि मुंबई इथेही घ्यावी. तो ठराव त्यांना मागे घ्यावा लागला आणि ही सोय प्रत्यक्षात यायला १९२२ साल उजाडले. हे स्वराज्य नव्हते, हे खरे. ब्रिटिश राज्य नीट चालावे, एवढीच त्यांची इच्छा होती, तिथून पुढे त्यांचा विचार गेला नाही. पण राज्य नीट चालते की नाही हे रयतेच्या खिशावरून मोजायचे, ही त्यांची कसोटी मान्य केली, की पुढचा प्रश्न टाळता येत नाही. पैसे भरणाऱ्याला विचारूनच खर्च करायचा असेल, तर भरणाऱ्याने सभागृहात का बसू नये? तो प्रश्न हिंदी लोकांनी स्वतः विचारला.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. एवढे करून हाती काय लागले? १८७४ मध्ये पार्लमेंट बरखास्त झाले आणि त्या बड्या चौकशीतून कारभार पालटणारे काही निघाले नाही. अफगाणिस्तानच्या युद्धाचा खर्च हिंदुस्थानवर टाकू नये, म्हणून १८७८ च्या डिसेंबरात फॉसेट लढले आणि मतदानात हरले. मात्र १८८० मध्ये उदारमतवादी सरकार आल्यावर त्या युद्धाच्या खर्चापोटी ५० लाख पौंड ब्रिटिश तिजोरीतून दिले गेले. सगळ्या खर्चाच्या मानाने ही रक्कम थोडी होती, पण तिने एक गोष्ट कबूल केली, की हा खर्च मुळात साम्राज्याचा होता. आणि समितीपुढच्या साक्षींचे जाडजूड ग्रंथ वाया गेले नाहीत. रमेशचंद्र दत्त यांनी हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास लिहिताना त्यांचा भरपूर वापर केला. १८९५ मध्ये हिंदुस्थान आणि इंग्लंड यांच्यात खर्चाची वाटणी कशी व्हावी, हे पाहण्यासाठी वेल्बी कमिशन बसले, तेव्हा दादाभाई त्याचे सभासद होते आणि १८९७ मध्ये पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले लंडनला जाऊन त्याच्यापुढे साक्ष देत होते. १९०२ मध्ये कलकत्त्यात गोखल्यांनी अंदाजपत्रकावर केलेले भाषण गाजले. सरकारी आकडे घ्यायचे आणि त्यांतूनच सरकारला उत्तर द्यायला लावायचे, ही गोखल्यांची ताकद त्यांना न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून मिळाली होती, हे खरेच. पण साम्राज्याच्या दारातच साम्राज्याची वही उघडता येते, हे फॉसेट यांनी आधी दाखवून ठेवले होते.

फॉसेट यांच्या स्वभावातला हा हट्ट मंत्रिपदानेही गेला नाही. १८८४ मध्ये मताधिकाराच्या विधेयकात स्त्रियांचा समावेश करण्याची सूचना आली आणि ग्लॅडस्टन यांनी विरोधी मत देण्याचा आदेश दिला. मंत्री असूनही फॉसेट यांनी मत दिले नाही आणि पंतप्रधानांचा रोष ओढवून घेतला. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला, फुप्फुसाच्या आवरणाचा दाह होऊन, वयाच्या ५१ व्या वर्षी ते वारले. सहा वर्षांनी त्यांची मुलगी फिलिपा हिने केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या पुरुषालाही मागे टाकले. मात्र स्त्री म्हणून पदवी तिला मिळाली नाही. मिलिसंट यांनी पुढची चार दशके लढा चालवला आणि १९२८ मध्ये स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मत मिळालेले पाहिले.

अर्थशास्त्राच्या इतिहासात फॉसेट यांना एखाद-दुसरी ओळ मिळते आणि सिद्धांतांच्या दृष्टीने पाहिले तर तेवढीच योग्य आहे. पण सार्वजनिक पैशाचा विचार करताना सिद्धांताइतकीच एका सवयीची गरज असते, आणि ती सवय त्यांच्याकडे होती. परिशिष्टातली यादी वाचायची, कंटाळवाण्या वेळी जागे राहायचे आणि दरवेळी विचारायचे, की हा खर्च कोणाच्या सोयीचा, भरणार कोण आणि भरणाऱ्याला कोणी विचारले का. मत मिळाले म्हणून हे प्रश्न संपत नाहीत. सामायिक जमिनी आजही एखाद्या ठरावाच्या पुरवणीत निकालात निघतात, कोट्यवधींच्या पुरवणी मागण्या गोंधळात मंजूर होतात आणि ज्यांच्या करातून ते पैसे येतात त्यांना बातमी नंतर कळते. आता फरक एवढाच, की सभागृहातला माणूस आपण निवडलेला असतो. म्हणजे प्रश्न विचारला गेला नाही, तर त्याचा जाब मागण्याची जबाबदारीही आपलीच.